इंग्रजी पत्रांची उत्तरं लिहून देणारं दुकान, हरभट रोड, सांगली

दुकान म्हणते, कारण पाटीवर तसं आहे: ‘इंग्रजी पत्रे, अर्ज व नोटिसांची उत्तरे लिहून मिळतील.’ प्रत्यक्षात ती एक खोली आहे, हरभट रोडच्या मागच्या बोळात, वह्या-पेनांच्या दुकानावर. जिना अंधारा आणि उभा चढणीचा. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारावी, सर स्वतः उतरून येतात. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लोखंडी मांडणी आणि मांडणीवर कोशच कोश. संगणक नाही, प्रिंटर नाही. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. फुलस्केपवर पेनानं मजकूर लिहून देतात, टाइप आपण बाहेरून करून घ्यायचं. पहिल्या पानाला तीनशे रुपये, पुढच्या पानाला दोनशे. आपण आपलं लिहून नेलं आणि फक्त तपासून घेतलं तर दीडशे. मी तपासायला घेऊन गेले होते आणि नवं लिहून घेऊन आले.

आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, शिवाय थोडी स्वतःची खरेदी करून माल बाहेर पाठवतो. सौदे आमचे हे बघतात, हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे. गुजरात-राजस्थानचे व्यापारी सगळं फोनवर मिटवतात. दक्षिणेकडच्या कंपन्यांना मात्र कागद लागतो, तोही इंग्रजीत. अशाच एका मसाला कंपनीला राजापुरी हळकुंड पाठवलं होतं. नमुना दाखवून सौदा ठरलेला, ओलावा बारा टक्क्यांच्या आत अशी अट. पावसाळा लागल्यावर त्यांचं पत्र आलं, की पोती उघडल्यावर ओलावा जास्त निघाला, सुकवल्यावर वजनात तूट आली, आणि ह्या तुटीसाठी तुम्हाला ‘आन्सर फॉर’ करावं लागेल.

पुतण्यानं लगेच उत्तर तयार केलं. तो एमबीए आहे, इंग्रजी फडाफडा बोलतो. त्याच्या पत्रातलं मुख्य वाक्य होतं: ‘वुई विल आन्सर फॉर द शॉर्टेज विदिन एट डेज.’ त्याच्या मनात होतं, तुटीबद्दल आठ दिवसांत उत्तर देऊ. ‘बद्दल’ला ‘फॉर’ हे आपल्याला शाळेपासून बसलेलं आहे. पत्र जाण्याआधी कुणा जाणत्याच्या नजरेखालून घालायचं, असा माझा हट्ट होता. सर ह्यांच्या एका मित्राला माहीत होते, म्हणून तिकडं गेलो.

सरांनी पत्र वाचलं, पेन्सिलीनं त्या एका वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “वहिनी, तूट भरून द्यायचं ठरलंय का?”

“नाही हो सर. मुळात तूट आमच्याकडची आहे हेच मान्य नाही.”

“मग इथं ती मान्य केलीय.”

पुतण्या म्हणाला, सर, आन्सर म्हणजे उत्तर. सर म्हणाले, बाळ, ‘आन्सर’ एकटा असेल तर उत्तर. मागं ‘फॉर’ आला की त्या गोष्टीचा भार आपण उचलतो. चुकीसाठी आन्सर फॉर करायचं म्हणजे तिचे परिणाम भोगायचे. माणसासाठी आन्सर फॉर करायचं म्हणजे त्याची हमी घ्यायची. मागं ‘टू’ लावून पुढं माणूस आला तर आपण त्याच्या हाताखाली आहोत, त्याला हिशेब द्यायचा आहे. ‘बॅक’ आला की उलटं बोलणं. आणि मागं काहीच न लावता फोन आन्सर करता येतो, दार आन्सर करता येतं, तिथं तोंडातून शब्द निघायचीही गरज नाही, उठून दार उघडलं की झालं. एखादी वस्तू काम भागवत असेल तर ती ‘पर्पज’ आन्सर करते, आणि पोलिसांनी दिलेल्या वर्णनाशी कुणी जुळत असेल तर तो त्या वर्णनाला आन्सर करतो. हे शेवटचे दोन प्रकार पुतण्यानंही कधी ऐकले नव्हते.

एवढ्यावर दीडशे रुपये वसूल झाले होते. पण सर मांडणीकडे वळले.

सांगलीत इंग्रजी शिकवणारे क्लास पुष्कळ आहेत, विश्रामबागेत तर चौकाचौकात. तिथं कुठलं वाक्य बरोबर आणि कुठलं चूक हे सांगतात. का, हे विचारलं तर ‘इंग्रजीत तसंच असतं’. ह्या खोलीत का हे कळतं, आणि त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. फक्त वेळ लागतो.

सरांनी स्कीटचा व्युत्पत्तिकोश काढला. पाठीला चिकटपट्टी लावून लावून तो मूळच्यापेक्षा जाड झालाय. आन्सर हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘अँडस्वारू’ असा होता. त्यातला ‘अँड’ म्हणजे आजचा ‘आणि’वाला अँड नव्हे. त्याचा अर्थ समोर, विरुद्ध. ग्रीक ‘अँटी’ त्याचाच भाऊ, आणि आपल्या संस्कृतातला ‘अन्ति’, म्हणजे जवळ, समोर, तोही त्याच घरातला. दुसरा तुकडा ‘स्वारू’, म्हणजे ठासून केलेलं कथन. शपथ घेणं ह्या अर्थाचं इंग्रजी ‘स्वेअर’ त्याच मुळाचं. म्हणजे आन्सर हे मुळात आरोपासमोर उभं राहून शपथेवर केलेलं निवेदन. जुन्या इंग्लंडात आरोप झालेला माणूस शपथेवर नाकारायचा, आणि ‘ह्याची शपथ खरी आहे’ असं शपथेवर सांगणारी माणसं सोबत आणायचा. ही रीत तिथल्या कायद्यातून औपचारिकपणे निघाली ती थेट १८३३ साली. आणि आन्सरच्या स्पेलिंगमधला तो डब्ल्यू, जो आपण लिहितो पण बोलत नाही, तो ह्या शपथेतला आहे. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. वर्गात निम्मी मुलं ‘आन्स्वर’ वाचायची आणि छडी खायची. जुन्या इंग्रजांच्या हिशेबानं ती मुलं बरोबर होती की!

सर पुढं म्हणाले, अमेरिकेत अजूनही दाव्यातल्या प्रतिवादीच्या लेखी कैफियतीला ‘आन्सर’ असंच नाव आहे. आपल्याकडे तिला रिटन स्टेटमेंट म्हणतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचं, कोर्टानं मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत, आणि सोबत शपथपत्र जोडायचं. ह्यातलं थोडं मला माहीत होतं, सोसायटीच्या एका प्रकरणात वकिलांच्या तोंडी ‘से दाखल करायचाय, से दाखल करायचाय’ सारखं ऐकलेलं. म्हणणं म्हणजे से. विजयनगरच्या कोर्टात चहावाल्यालासुद्धा से म्हणजे काय ते कळतं.

मग मी विचारलं, की आपल्या ‘जाब’चं काय? जाब विचारणं, जाब देणं. सरांचा चेहरा खुलला. जाब हा अरबी ‘जवाब’चाच मराठीत घासून आखूड झालेला शब्द. उत्तर मागतो आपण कुणाकडेही, पण जाब मागतो तो ज्यानं काहीतरी केलंय त्याच्याकडे. पोलीस घेतात तो जबाब. जुन्या मोडी पत्रांत जाबसाल असतो. आणि जबाबदार म्हणजे जबाब बाळगणारा. इंग्रजीत त्यालाच ‘आन्सरेबल’ म्हणतात आणि ‘रिस्पॉन्सिबल’ही म्हणतात, आणि दोन्हींच्या पोटात उत्तर देणंच आहे. जर्मन लोकांचा जबाबदारीचा शब्दही त्यांच्या उत्तराच्या शब्दावरूनच बनलाय. पुतण्याला म्हणाले, तुझ्या वाक्याचं मराठी ‘उत्तर देऊ’ असं नाही होत, ‘जबाबदारी घेऊ’ असं होतं. त्याला तेव्हा ते पटलं. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात कामाचं बोलणं हेच झालं. बाकीचं ऐकायला गोड होतं, पण हे पैशाचं होतं.

‘उत्तर’ ह्या शब्दावरही ते घसरले. ‘उद्’ला ‘तर’ लागून झालेला, मूळ अर्थ अधिक वरचा; त्यातूनच दिशा, त्यातूनच नंतरचा, उत्तरार्ध, उत्तरक्रिया, आणि शास्त्रार्थातला पूर्वपक्षानंतरचा उत्तरपक्ष. मी घड्याळ बघितलं. यार्डातून फोन येत होते.

तोवर खाली चहा सांगून झाला होता, म्हणून ‘रिस्पॉन्ड’ आलाच. हा लॅटिन ‘रेस्पॉन्देरे’वरून, फ्रेंचमार्गे आलेला. ‘रे’ म्हणजे परत, ‘स्पॉन्देरे’ म्हणजे वचन देणं. रोमन लोकांत तोंडी करार व्हायचा तो ह्याच क्रियापदावर. एकानं विचारायचं ‘स्पॉन्देस्ने?’, वचन देतोस का. दुसऱ्यानं म्हणायचं ‘स्पॉन्देओ’, देतो. दोघं समोरासमोर हवेत आणि विचारलेलाच शब्द उत्तरात आला पाहिजे, तरच करार पक्का. मुलीची सोयरीक ठरवतानाही हेच क्रियापद, म्हणून नवरा किंवा बायको ह्या अर्थाचा ‘स्पाउज’ ह्याच मुळातला. स्पॉन्सरही ह्यातलाच, आपल्या गणपती मंडळांच्या कमानीवर असतो तो. ‘डिस्पॉन्डंट’ म्हणजे खचलेला, तोही. तलवारबाजीतला ‘रिपोस्ट’ हा इटालियनमधून फिरून आलेला ह्याचाच चुलतभाऊ.

आणि मग सर आमच्या हळदीवर आले. माझ्या मते इथं ते शिक्षक उरले नाहीत, व्यापारात मुरलेल्या माणसासारखे वागले. म्हणाले, ‘करस्पॉन्ड’ कशापासून? त्याच रिस्पॉन्डला ‘को’ लागून, म्हणजे एकमेकांना उत्तर देणं. पत्रव्यवहार म्हणून करस्पॉन्डन्स, आणि दोन गोष्टी जुळणं म्हणूनही करस्पॉन्ड. १९३०च्या माल विक्री कायद्यातलं सतरावं कलम नमुन्यावर केलेल्या विक्रीचं आहे आणि त्यात नेमका हा शब्द आहे: सगळा माल गुणवत्तेत नमुन्याशी ‘करस्पॉन्ड’ झाला पाहिजे. आणि खरेदीदाराला माल नमुन्याशी ताडून बघायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. “तुमच्याकडं नमुना आहे ना शिल्लक?” आहे, सीलबंद, वक्कल नंबर म्हणजे त्या ढिगाचा क्रमांक घालून. “माल पोचला तेव्हा त्यांनी ताडून बघितला का, ओलावा कधी तपासला, हे त्यांनी सांगायचंय. तुम्ही ते विचारायचं. पुढचं कायद्याचं तुमच्या वकिलांना विचारा, माझा धंदा क्रियापदांचा आहे.”

ज्यांना हळदीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: वाळवून पॉलिश केलेलं हळकुंड पावसाळी हवेत उघडं राहिलं तर ओलावा ओढतं. म्हणून तर हरिपूरला जमिनीत पेवं होती, वरून मातीनं बंद केली की हवा लागायची नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५च्या महापुरात पेवांची दैना झाली ती झालीच. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात ह्या साठवणीचाही वाटा आहे असं आम्ही यार्डातले मानतो. तेव्हा माल कोणत्या तारखेला पोचला आणि ओलावा कोणत्या तारखेला मोजला, ह्या दोन तारखांतच आमचं सगळं भांडण होतं.

सरांनी लिहिलेलं पत्र एका पानाचं झालं. सुरुवात ‘इन रिप्लाय टु युवर लेटर’ अशी. त्यात आन्सर कुठंच नव्हता. तूट मान्य नाही, विक्री नमुन्यावर झाली, नमुना आमच्याकडे सीलबंद आहे, माल उतरवल्याच्या दिवशीची वजनाची पावती आणि ओलाव्याचा अहवाल तारखेसह पाठवा, ते पाहून आम्ही पुढं लिहू. बास. ‘रिग्रेट’ हा पुतण्याचा शब्दही काढला. वाईट वाटलं म्हणायचं असेल तर फोनवर म्हणा, म्हणाले.

रिप्लायच का, तर तो ह्या सगळ्यांत कमी गुंतवणारा. लॅटिन ‘रेप्लिकारे’, म्हणजे परत दुमडणं. ‘रेप्लिका’ म्हणजे नक्कल, तीही त्यातलीच. आलेला कागद दुमडून परत धाडला, एवढंच त्याच्या पोटात. एक नियम लक्षात ठेवण्याजोगा सांगितला: पत्राला रिप्लाय करताना ‘टू’ लागतो, पत्र आन्सर करताना लागत नाही. आपण नेमकं उलटं करतो, ‘रिप्लाय युवर लेटर’ आणि ‘आन्सर टु युवर लेटर’. पुतण्याच्या मसुद्यात पहिला प्रकार होता, माझ्या जुन्या फायलींत दुसरा सापडेल. नावाच्या रूपात मात्र ‘अॅन आन्सर टु’ चालतं, त्यामुळंच घोळ होतो.

आता न आवडलेलं.

सरांना ‘रिव्हर्ट’ ह्या शब्दाचा राग आहे. ‘प्लीज रिव्हर्ट’ दिसलं की लाल शाई. त्यांचं खरं आहे, की रिव्हर्टचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा आहे आणि इंग्लंडातला माणूस ते वाचून गोंधळेल. पण आमची पत्रं कोचीला आणि चेन्नईला जातात. तिथं सगळे रिव्हर्टच लिहितात, सिंगापूरचे लोकही लिहितात. वाचणाऱ्याला कळतंय तर ठेवावं, असं माझं मत. सर ऐकत नाहीत.

दुसरं, मुळावर त्यांचा जीव जरा जास्तच आहे. आमचं एक साधं पत्र होतं, दराची चौकशी आलेली, पुतण्यानं लिहिलं होतं की आपल्या चौकशीला आम्ही लगेच रिस्पॉन्ड करतोय. सरांना तेही काढायचं होतं, वचनाचं मूळ आहे म्हणून. पुतण्या म्हणाला, “सर, चौकशीला रिस्पॉन्ड केलं म्हणून कुणी अक्षता टाकायला येत नाही.” सर हसले आणि शब्द राहू दिला. शब्द कुठून आला ह्यापेक्षा समोरचा आज तो कसा वाचणार, हे पत्राच्या कामात आधी यायला हवं. आन्सर फॉरमध्ये दोन्ही एकाच दिशेनं जात होते म्हणून सरांचं खरं ठरलं. सगळ्या शब्दांत तसं नसतं.

तिसरं, वेळ. एका पानाला अख्खी सकाळ जाऊ शकते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितलीच. पहिला भाग १८८४ साली निघाला तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंतचाच, म्हणजे आन्सर त्यात जेमतेम बसला; रिप्लाय आणि रिस्पॉन्डच्या पानांपर्यंत पोचायला विसावं शतक लागलं आणि कोश पुरा झाला १९२८ साली. मला आवडली गोष्ट, पण नोटिशीची मुदत संध्याकाळी संपत असेल तर ती ऐकवणार नाही. घाईचं काम असेल तर जिन्यातच सांगावं, “सर, फक्त पत्र.” मग ते खरंच फक्त पत्र देतात, तेवढा मोठेपणा आहे.

आणि हस्ताक्षर. सुंदर आहे, पण जोडून लिहिलेलं. यार्डाजवळच्या टायपिंगवाल्याला ते लागेना, शेवटी मी शेजारी बसून वाचून दाखवलं. टाइप झालेला कागद एकदा परत सरांना दाखवावा; त्याचे पैसे घेत नाहीत.

कंपनीचं पुढं काय झालं, हे विचारणारे विचारतील. त्यांच्याकडून वजनाची पावती आली, ओलाव्याचा अहवालही आला, आणि अहवालावरची तारीख माल उतरल्यानंतर बऱ्याच दिवसांची निघाली. पैसे बरेचसे सुटले, थोडे अजून अडकलेत, त्यावर फोन चालू आहेत. पत्रामुळंच सुटले असं मी म्हणणार नाही, ह्यांची तिथल्या दलालाशी जुनी ओळख आहे. पण पुतण्याचं वाक्य गेलं असतं तर ह्यांना फोनवर बोलायला तोंड राहिलं नसतं, एवढं नक्की.

कुणी जावं: बँकेची, विम्याची, सोसायटीची इंग्रजी नोटीस आली आहे आणि वकील गाठण्याआधी तिच्यात नेमकं काय मागितलंय हे समजून घ्यायचंय, त्यांनी. परदेशी किंवा परप्रांती खरेदीदाराशी लेखी व्यवहार करणाऱ्या बेदाणावाल्यांनी आणि हळदवाल्यांनी तर जरूर. नोकरीचा बायोडेटा घेऊन जाऊ नका, सर त्यातली निम्मी विशेषणं काढून टाकतात आणि मुलं नाराज होऊन उतरतात. मुलांचा इंग्रजी माध्यमाचा गृहपाठ करून द्या म्हणणाऱ्या आयांना तर ते दारातूनच परत पाठवतात. शब्द समजावून द्या म्हटलं तर मात्र बसवून घेतात आणि पैसे नाकारतात.

दुपारी एक ते चार जिन्याच्या दाराला कुलूप असतं. गाडी बोळात नेऊ नका, वळवता येत नाही. सुट्टे पैसे न्या. भिंतीवर यूपीआयचा चौकोन चिकटवलेला आहे, पण तो खालच्या वह्यावाल्याचा आहे.